बोलेल त्याच्या डोक्यावर टोप

सर, तुमच्या खिचडीच्या टोपाला अजून भोक पडलेलं नाही, हे आधी सांगतो. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तेवढी वर्षं तो माझ्या घरी माळ्यावर आहे आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा आम्ही त्याला सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, फिरवून आणतो. एका बाजूचा कान तुटलाय, पण तो तुमच्याच वेळी तुटला होता, त्याचं खापर माझ्यावर नको. परवा तुमच्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "दादा, गावच्या वाचनालयात बाबांचा एक कोपरा करतोय. खंजिरी आहे, हाताने काढलेले नकाशे आहेत. टोप तुमच्याकडे आहे ना? रविवारी घेऊन याल? आणि तुम्हीच दोन शब्द बोला." मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवला आणि तेव्हापासून मला त्या टोपाकडे बघवत नाही. का, ते सांगायला बसलोय. पण आधी माझ्या दोन मित्रांना पोटभर शिव्या घालून घेतो, त्याशिवाय हात चालायचा नाही.

ते दोघे तुम्हाला आठवत असतील. नववीत माझ्या दोन्ही बाजूंना बसायचे, आणि दर रविवारी तुम्ही आम्हाला सड्यावर न्यायचात तेव्हाही. एक बँकेत मोठा साहेब होऊन मुदतीआधीच निवृत्त झाला, त्याला आपण बँकवाला म्हणू. दुसऱ्याच्या आंब्याच्या बागा आहेत, तो बागवाला. आमचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, नाव "पन्नाशीतले मावळे". हसू नका. मावळे सकाळी गाडीने हातखंब्याला जातात, मिसळ हाणतात, वर भजी मागवतात, मग गाडीनेच सड्यापर्यंत येऊन तासभर चालतात आणि त्याला ट्रेक म्हणतात. बँकवाल्याच्या बुटांच्या किमतीत तुम्ही आम्हाला वर्षभर खिचडी घातली असतीत. दोन हातांत दोन काठ्या, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, आणि सपाट कातळावर हा बाबा असा चालतो की बघणाऱ्याला वाटावं हिमालय उतरतोय. बागवाल्याचं निराळंच. त्याच्या गाडीच्या डिकीत तीन रंगांची उपरणी घडी करून ठेवलेली असतात. कुठल्या सभेला जायचंय त्यावर हात कुठल्या घडीकडे जाईल ते ठरतं. वर मला सांगतो, "मी विचारांचा माणूस आहे रे." कसले डोंबलाचे विचार! त्या उपरण्यांना तरी स्वतःचा रंग आहे.

आणि गाणं! सर, तुम्ही ऐकलं असतंत तर खंजिरी फेकून मारली असतीत. बँकवाल्याकडे डब्याएवढा स्पीकर आहे. सड्यावर टिटवी ओरडत असते, वारा कानात भरलेला असतो, आणि हा मेला त्यावर ढणढण लावून देतो. मग दोघे मुखडा म्हणतात. अंतरा आला की तोंडाने नुसतं लालाला. तुमचा तर दंडक होता की धृपद कोणालाही येतं, अंतरा म्हणेल त्यालाच दुसरी वाढ. एका रविवारी मी तिसरं कडवं विसरलो आणि तुम्ही खरंच माझ्या पानातली खिचडी बँकवाल्याच्या पानात टाकलीत. तेव्हा मला रडू आलं होतं. आता वाटतं, बरं केलंत. ह्यांचं राजकारणही तसंच आहे, घोषणेपुढचं एक कडवं पाठ नाही. विचारलं तर आवाज वाढवतात.

टोपाचा नियम मुलीला कदाचित माहीत नसेल, म्हणून तो रविवारी सांगायचं मी ठरवलं होतं. त्या वर्षी निवडणूक होती. तिघांचे बाप तीन पक्षांचे, आणि बाप घरी जे बरळायचे ते आम्ही सड्यावर बरळत होतो. शेवटी सड्यावरच्या पायऱ्यांच्या विहिरीपाशी, त्या घोडबावीच्या कठड्याशी, मी बागवाल्याचं थोबाड फोडलं. तुम्ही चुलीत फुंकर घालत होतात. उठून आलात, दोघांचे कान धरलेत, पण ओरडला नाहीत. म्हणालात, "राजकारण बोला, खुशाल बोला. पण जो विषय काढेल त्याने परत जाताना टोप डोक्यावर घ्यायचा. वजन पेलत असेल तर बोला." तेव्हा तिथून गावाच्या रस्त्याला यायला पाऊण तास लागायचा. टोप जड, बुडाला काजळी, घाम आणि काजळी मिळून मानेवर ओघळ यायचे. सगळ्यांत जास्त वेळा तो मीच उचलला, कारण माझी जीभ जागेवर राहत नसे. तुम्ही गेल्यावर तुमच्या घरच्या बाईंनी टोप माझ्याकडे दिला तोही त्याचसाठी. "हे सांगून गेलेत, ज्याने जास्त उचलला त्याला द्या," एवढंच म्हणाल्या. मी तो बक्षिसासारखा घरी आणला.

मग तो दिवस. नाताळच्या सुट्टीतला असावा, कारण ऊन होतं तरी कातळ गार होता. आम्ही बावीच्या पायऱ्यांवर बसलोय, तुम्ही खालच्या पायरीवर, पाय पाण्यात. पायऱ्या जांभ्याच्या, मधोमध झिजलेल्या. बँकवाला विचारतो, "सर, तुमचं गाव इथून जवळच ना? तुम्ही लहानपणी पोहायला यायचात?" तुम्ही बराच वेळ खंजिरीची चकती बोटाने फिरवत राहता. मग म्हणता, "नाही रे. माझा बाप वर, तिथं, त्या कठड्याच्या बाहेर कळशी घेऊन उभा राहायचा. कोणी ओतलं तर पाणी. कधी दुपार व्हायची. मी ह्या पायऱ्या पहिल्यांदा उतरलो तो मास्तर झाल्यावर, तुमच्यासारखी पोरं घेऊन." आवाजात काही नाही. पाऊस किती पडतो ते सांगावं तसं सांगता. मग तुम्ही उठता, टोप घासता, पालथा करून निथळता आणि सरळ आपल्या डोक्यावर ठेवता. बागवाला म्हणतो, "सर, तुम्ही कशाला?" तर तुम्ही म्हणता, "नियम म्हणजे नियम. आज मी बोललो ना." आणि पुढे चालायला लागता. आम्ही मागून हसतोय, कारण तुमच्या पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर काळा डाग पडत चाललाय.

ह्या एका गोष्टीसाठी मला तुमचा राग येतो, सर. ते राजकारण नव्हतं. तो तुमचा बाप होता. टोप उचलायचाच तर आम्ही उचलायचा होता, आमच्या आज्या-पणज्यांनी त्या कळशीत पाणी ओतलं की नाही ते कोणाला ठाऊक. तुम्ही आम्हाला फार स्वस्तात सोडलंत. त्याच संध्याकाळी आईने विचारलं, "खिचडी कोणी रांधलीन रे?" आणि मी तोंड वर करून सांगितलं, आम्ही पोरांनीच. आईला सगळं कळत होतं. "हातपाय धू," म्हणाली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. दर रविवारी तुमच्या हातचं खायचं आणि दर रविवारी घरी खोटं बोलायचं, ह्यात मला काही वाकडं वाटत नव्हतं. उलट आपण शूर आहोत असंच वाटायचं.

आता गेल्या रविवारचं. घोडबावीपर्यंत डांबरी रस्ता झालाय. टोप डिकीतून जातो, डिकीतून येतो. नियम आम्ही अजून पाळतो हं, आमची थट्टा नका करू. कोणी राजकारण काढलं की त्याने ग्रुपवर टोपाचं चित्र टाकायचं. बोटाने दाबलं की झालं, मानेला काही त्रास नाही. तर बावीचं सुशोभीकरण झालंय. तुमच्या त्या झिजलेल्या पायऱ्यांवर बाथरूमची लादी बसवलीये, गुलाबी! शेवाळ धरलं की पहिला माणूस थेट तळाला जाणार. वर लोखंडी बोर्ड, त्यावर आठ जणांचे फोटो, हात जोडलेले, दात दिसताहेत. बागवाल्याच्या ओळखीने निधी आला म्हणून त्याचाही फोटो आहे, खालच्या ओळीत, टपाल तिकिटाएवढा. तो त्या बोर्डाखाली उभा राहून माझ्याकडून स्वतःचा फोटो काढून घेत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "आठ तोंडं लावलीत, त्यापेक्षा एक सरांचं नाव द्यायचं होतं बावीला."

बागवाला म्हणाला, "वेडा की काय तू? त्यांच्यातल्या माणसाचं नाव बावीला? गाव ऐकेल?" बँकवाल्याने स्पीकर बारीक केला. "सर चांगले होते, वादच नाही," म्हणाला, "पण उगाच देव करू नको. नोकरी कशी लागली ते आपल्याला ठाऊक आहे." हे कोण बोललं, तर ज्याला गणितात पास करण्यासाठी तुम्ही तीन महिने संध्याकाळी फुकट शिकवलंत तो! विषय तुमचा भूगोल, तरी शिकवलंत. त्याच्या पानात माझी खिचडी होती. मी उठलो. टोप भरलेला होता, चहा उकळत होता. मी दोघांकडे बघितलं आणि म्हटलं, उचला रे टोप, आज दोघांनी मिळून उचला, गाडी इथंच राहू दे.

हे उठण्याचं आणि टोपाचं खोटं आहे, सर. वाचनालयात सांगायला म्हणून मी ते तयार केलं होतं, दोन दिवस मनात घोळवून इतकं छान झालं होतं की इथंही उतरलं. खरं असं घडलं की मी उठलोच नाही. बसल्या बसल्या म्हटलं, "सर तसे नव्हते रे. सर त्यांच्यातले वाटायचेच नाहीत कधी." आणि दोघे एकदम म्हणाले, "हां, ते मात्र खरं!" झालं, मिटलं भांडण. बँकवाल्याने मला पहिला कप दिला. मला वाटलं, मी तुमची बाजू घेतली. घरी येऊन जेवलो, झोपलोसुद्धा. बागवाल्याने ग्रुपवर बोर्डाचा फोटो टाकून "सरांच्या आठवणीत" लिहिलं होतं, त्यावर मी अंगठाही दिला.

मुलीचा फोन आला तेव्हा कुठे ते वाक्य मला ऐकू आलं. "बाबांबद्दल काय वाटतं तेच बोला," असं ती म्हणत होती, आणि माझ्या कानात माझाच आवाज. तुमच्या बापाला कठड्याबाहेर उभं केलं आणि तुम्हाला तेवढं आत घेतलं, तेही तुम्ही त्याचे वाटत नाही म्हणून. ते दोघे निदान उघड तरी बोलले. मी गोड करून बोललो. एवढा वेळ ज्यांना शिव्या घातल्या त्यांच्यात आणि माझ्यात फरक असलाच तर एवढाच, की मला अंतरा पाठ आहे आणि तरी मी लालाला केलं. पहिल्यांदा विषयही मीच काढला होता, म्हणजे नियमाने टोपही माझाच.

काल मागच्या अंगणात तो डोक्यावर घेऊन बघितला. बायको बाहेर आली, म्हणाली, "काय चाललंय?" म्हटलं, वजन बघतोय. "रिकामाच तर आहे," म्हणाली. खरंच रिकामा होता, आणि मला चार मिनिटं पेलला नाही. रविवारी तिच्या गावच्या फाट्यावर एसटीने उतरणार आहे. फाट्यापासून वाचनालय चढावर, चांगला अर्धा तास. टोप डोक्यावरून नेणार आणि सगळ्यांसमोर ते वाक्य मी बोललो होतो म्हणून सांगणार. मुलगी मला पुन्हा दादा म्हणेल की नाही, ठाऊक नाही. हा कागद तुम्हाला कुठे पाठवणार, टोपात घालून ठेवावा म्हटलं तर तो तिच्याच हाती पडेल, म्हणून तोही धीर होत नाही. टेबलाच्या खणात ठेवतोय. चालतच जाईन, असं आज तरी म्हणतोय. गाडीत कालच पेट्रोल भरून ठेवलंय, हेही सांगून ठेवतो.