न काढलेली रांगोळी

प्रिय ज्योत्स्ना,

पत्र पाहून म्हणशील, आई कुठल्या जमान्यात राहते! पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि पत्राला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा आता गुमान वाच. त्या गुरुवारी पुण्यात ऑफिसला निघता निघता तू मोबाईलवर पाहिलंस ना, दोन माणसं आपल्या गावच्या लालबाग मोहल्ल्यातल्या घराची कडी मशीननं कापताहेत, तो दरोडा नव्हता. ते तुझ्या आईला वाचवायला आले होते. तुझे अकरा फोन झाल्यावर मी उचलला, तर तू रडत रडत एवढंच म्हणालीस की बस झालं, दिवाळीआधी येऊन तुला कायमची घेऊन जाते, घर विकून टाकू. आता सगळं नीट सांगते, मग काय ते ठरव.

चैत्रात गल्लीतली दोन घरं फोडली, तेव्हा तू दारावर कॅमेरा लावून दिलास. चांगला आहे हो, नाही म्हणत नाही. पण शेजारच्या सरुबाईला तो काही पटला नाही. म्हणाली, तो नुसता पाहतो, धावून थोडाच येतो? मग तिनंच सगळ्या बायकांना ओट्यावर बसवून कायदा काढला. सकाळी सातपर्यंत ज्या दारात सडा-रांगोळी दिसणार नाही, ते दार वाजवायचं. आतून उत्तर आलं नाही तर गल्ली गोळा करायची. मी तिला चिडवलं, या वयात आमची हजेरी घेतेस काय? पण खरं सांगू, तुझे बाबा गेल्यापासून मला सकाळी उठायचाच कंटाळा यायचा. आता सहाला आपसूक जाग येते. कुणीतरी आपल्या दाराकडे पाहतंय, हे बरं वाटतं गं.

गुरुवारी पहाटे रावेरहून फोन आला, धोंडूकाका गेले. ब्याण्णव वर्षांचे, झोपेतच गेले, सोनं झालं त्यांचं. सुतक लागलं, म्हणून मी रांगोळी काढली नाही. आता हे कुणाला तरी सांगावं, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही! नळ आले होते, मोटर घरघरत होती आणि मी मागच्या मोरीत डोक्यावरून अंघोळ करत होते. इकडे सरुबाई दार बडवतेय. समोरच्या योगेंद्रनं खिडकीतून पाहिलं, तर पलंग रिकामा, चप्पल दारात, सरुबाईनं लावलेला मोबाईल आतच वाजतोय. झालं! त्यानं कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्या चंदनला मशीनसकट पळवत आणलं.

मी ओल्या केसांनी बाहेर आले, तर स्वयंपाकघरात चार माणसं. मी चोर चोर म्हणून ओरडले. सरुबाई माझ्याहून मोठ्यानं ओरडली आणि मला मिठीच मारली. मी म्हणतेय, अगं शिवू नकोस, सुतक आहे, तर म्हणते, चुलीत गेलं तुझं सुतक! आणि ढसाढसा रडायला लागली. तीस वर्षं नळाच्या पाण्यावरून माझ्याशी भांडलेली बाई ही, ज्योत्स्ना. मलाही रडू आवरेना. दुपारपर्यंत चंदननं नवी कडी बसवून दिली. सुतकाच्या घरी चहा चालायचा नाही, म्हणून सरुबाईनंच सगळ्यांना पाजला, मलाही दारात आणून दिला. आता कायद्यात भर पडली आहे. सुतक असेल तर दारात पाट उभा करून ठेवायचा. योगेंद्र मला रोज विचारतो, काकू, आज सब ठीक ना, की मशीन आणू?

तर मी घर विकणार नाही. रागव हवं तर. इथे मी सुखात आहे.

पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नव्हे. त्या दिवशी रडता रडता तुझ्या तोंडून निसटून गेलं की मागच्या महिन्यात तू तीन दिवस तापानं पडून होतीस आणि पाणी द्यायलाही कुणी नव्हतं. लगेच तू विषय बदललास. मला त्या रात्री झोप लागली नाही गं. तू माझी काळजी करतेस, आणि तुझ्या मजल्यावरच्या तीन शेजाऱ्यांपैकी एकाचंही नाव तुला माहीत नाही. म्हणून मला न्यायला येऊ नकोस, मीच येते. पंधरा दिवसांसाठी. येताना आपल्याकडची रव्या-तुपाची मिठाई, दराबा आणीन, तीन डबे. पोचले त्याच संध्याकाळी तिन्ही दारांच्या बेल मी वाजवणार. तू लाजशील, माहीत आहे मला. काही बोलू नकोस. नुसती माझ्या शेजारी उभी राहा, म्हणजे त्यांना तुझा चेहरा कळेल.

तुझीच,
हट्टी आई