लिओने एकदा उभे राहावे

मी, नॉर्बर्ट जोसेफ कुलमान, वय शहात्तर, राहणार सेंट अल्ड्रिक, मिनेसोटा, पूर्वी गायीम्हशींपैकी फक्त गायींचा धनी आणि आता कशाचाच नाही, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डावा डोळा १९७९ साली गेला, उजवा कामापुरता उरला आहे. हे मृत्युपत्र मी कुणाच्या दडपणाखाली करत नाही. मुलगी मार्लिस हिने दडपण आणून पाहिले, ते फसले. मी सांगतो आणि वकीलबाई पॉलीन ऑस्टर टाइप करतात. मी बोललेले काही गाळणार नाही असे त्यांनी कबूल केले आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर, घरातले सामान, बँकेतली शिल्लक आणि पिकअप मार्लिसला. तिच्या आईच्या, म्हणजे कै. व्हर्नाच्या, लोणच्याच्या बरण्या तळघरात आहेत. त्या फेकू नयेत. खाऊही नयेत.

२. ट्रॅक्टर शेजारी ड्वेन याला. गेली कित्येक वर्षे तो त्याच्याकडेच आहे. आता निदान लाजत लाजत वापरायची गरज नाही.

३. टीव्ही कुणालाच नाही. बेसबॉलच्या दोन्ही मोठ्या लीगमध्ये आता चेंडू फेकणारा पिचर स्वतः बॅट करत नाही, त्यामुळे त्यात पाहण्यासारखे काही उरलेले नाही. चर्चच्या तळघरातल्या विक्रीत ठेवावा.

४. माझी आरामखुर्ची थोरला भाऊ लिओ याला, बिनशर्त. बसणे त्याला छान जमते.

५. व्याख्या. पॉलीन म्हणतात, पुढचे कलम कोर्टात टिकायचे तर शब्दांचे अर्थ लिहावे लागतात. तर 'नेमलेला फलंदाज' म्हणजे असा इसम, जो पिचरच्या ऐवजी बॅट करतो आणि बाकीचा सगळा खेळ बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळतो. आठ माणसे उन्हात धावतात, हा सावलीत. 'पिचर' म्हणजे जो दुसऱ्यांवर चेंडू फेकतो आणि या नियमामुळे ज्याच्यावर कधीच कुणी फेकू शकत नाही.

मला या नियमाची किळस येते, आणि हे मी बाहेरून बोलत नाही. गायीने लाथ मारून माझा गुडघा कामातून घालवला, तेव्हा गावच्या संघाने मला नेमलेला फलंदाज केले. आमचा पिचर लिओ. सहा उन्हाळे मी त्याच्या जागी बॅट केली. चांगली केली. पण घरी यायचो तेव्हा कपड्यांना माती नसायची. व्हर्ना म्हणायची, बरंच झालं, धुणं कमी. मला मात्र पंक्तीत जेवून भांडी न घासता उठल्यासारखे वाटे.

६. बॅट (मॅपलची, मुठीवर काळी पट्टी असलेली) शेजारच्या न्यू हेल्डर संघाचा तेव्हाचा पिचर विन्स बाउअर याला. माझा डोळा त्याने फोडला. लोक विचारतील म्हणून कारण लिहितो.

त्या रविवारी न्यू हेल्डरच्या रे शूल्टे याने लिओचा चेंडू कुंपणापार मक्यात मारला आणि धावण्याआधी जरा वेळ उभा राहून बघत बसला. लिओला ते झोंबले. रे पुन्हा आला तेव्हा लिओने चेंडू सरळ त्याच्या डोक्यावर टाकला. कान सोलवटला. आमच्याकडे याची एक रीत होती. असा पिचर स्वतः बॅट घेऊन आला की त्याच्या बरगडीत एक बसायचा, तो मुकाट्याने चोळत पहिल्या बेसवर जायचा आणि संध्याकाळी दोन्ही संघ एकत्र बिअर प्यायचे. पण लिओ बॅट घेऊन येणारच नव्हता. त्याच्या नावाने मी येणार होतो. विन्स चेंडू हातात घोळवत आमच्या बाकाकडे बघत राहिला. लिओ तिथे, फेकायचा हात गार पडू नये म्हणून, जॅकेट चढवून बसला होता. मग विन्सने माझ्याकडे पाहिले. बरगडीसाठी टाकलेला तो चेंडू हातातून सुटला आणि वर आला.

विन्स दुसऱ्या दिवशी आईने केलेला केक घेऊन इस्पितळात आला, आणि केक मांडीवर ठेवून रडला. लिओ संध्याकाळी आला. म्हणाला, "वाईट झालं रे. पण मॅच काढली आपण." पुढे कधी विषय निघालाच तर म्हणायचा, तुझं कामच होतं ते. एवढ्या वर्षांत याहून वेगळे वाक्य त्याच्या तोंडून आले नाही. थँक्सगिव्हिंगला दरवर्षी माझ्याच टेबलावर बसून तो हे म्हणायचा आणि मांसाचा चांगला तुकडा उचलायचा.

७. मैदान. चर्चमागचे बेसबॉलचे मैदान वडिलांनी माझ्या नावावर केले, कारण गवत मी कापतो. मैदानाच्या पाटीवर मात्र 'लिओ कुलमान मैदान' असे लिहिलेले आहे, कारण चेंडू तो फेकायचा. ते मैदान लिओचा जीव की प्राण आहे, हे मला ठाऊक आहे. बायको गेल्यावर तो रोज तिथे जाऊन बसतो. म्हणून ते मी त्याला देतो, आणि त्याच्यानंतर गावाला, परंतु पुढील अटींवर.

(अ) माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, घरच्या कोणत्याही एका सामन्यात, लिओने हातात बॅट घेऊन एकदा उभे राहावे. नवव्या क्रमांकावर, पिचरच्या जागेवर. बॅट फिरवली नाही तरी चालेल. हेल्मेट घालावे, मी त्याचा जीव घ्यायला बसलेलो नाही. पण समोरच्याने नेहमीसारखा जोरात टाकावा आणि लिओच्या जागी दुसरे कुणी जाऊ नये.

(ब) त्यानंतर या मैदानावर आमच्या संघाचा पिचर स्वतः बॅट करील. पाहुण्या संघाने काय करायचे ते त्यांचे त्यांनी बघावे.

(क) लिओ उभा राहिला नाही तर मैदान ड्वेनला जावे आणि त्याने तिथे मका पेरावा.

मार्लिसला हे कलम मान्य नाही. ती म्हणाली, "बाबा, काकाच्या चुकीची शिक्षा अख्ख्या गावाला?" मी म्हटले, एकाच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला, हाच तर तुमचा लाडका नियम आहे. ती पाय आपटत अंगणात गेली. ती माझ्यावर गेली आहे, म्हणून घर तिलाच.

लिओला मी हे कलम आज सकाळी वाचून दाखवले. आधी तो हसला. मग म्हणाला, "नॉर्ब, एकोणऐंशीचा झालो मी. बॅट धरून काय करू आता?"

"काही करू नकोस. उभा राहा."

"आणि लागला तर?"

"तर लागेल."

तो टेबलक्लॉथची घडी चाचपत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "विन्सने त्या दिवशी आपल्या बाकाकडे बघितलं होतं. मला दिसलं होतं ते."

मी विचारले, मग?

"मग मी जॅकेटची चेन वर ओढली."

एवढी वर्षे मी समजत होतो की त्याला कळलेच नव्हते. गर्विष्ठ आहे, थोडा मठ्ठ आहे, म्हणून मी त्याला टेबलावर बसू देत होतो. आता कळते की त्याला सगळे दिसत होते, दोन्ही डोळ्यांनी. मला अशी शिसारी आली की कॉफी ओतून द्यावी लागली. पॉलीन यांनी विचारले, कलम बदलायचे का? नाही. एक अक्षरही नाही. मक्याची अटही तशीच.

८. माझ्या अंत्यविधीला हॅमचे सँडविच आणि बटाट्याचे सॅलड असावे. माझ्याबद्दल भाषण कुणी करू नये, विशेषतः ज्याला भाषण चांगले येते त्याने.

९. सही. पॉलीन आत्ताच सांगत आहेत की माझा उजवा डोळाही धूसर झाल्यामुळे कायद्यात सोय आहे. माझ्या समोर, माझ्या सांगण्यावरून, दुसरा कुणी माझ्या नावाने सही करू शकतो. हे ऐकून लिओने पेनसाठी हात पुढे केला. "दे इकडे. करतो मी तुझ्या नावाने."

मी म्हटले, "हात मागे घे, लिओ."

माझ्या नावाने जे करायचे ते मी स्वतः करीन, वाकडे झाले तरी. रेषा कुठे आहे तेवढे पॉलीननी बोट ठेवून दाखवावे.

(सही) नॉर्बर्ट जे. कुलमान

आम्ही खाली सही करणारे साक्षीदार लिहून देतो की, वरील सही नॉर्बर्ट कुलमान यांनी आमच्यासमोर स्वतःच्या हाताने केली. ती रेषेच्या खाली उतरली आहे आणि शेवटची अक्षरे कागदाबाहेर टेबलक्लॉथवर गेली आहेत. सही करताना त्यांना बराच वेळ लागला. लाभार्थी असल्यामुळे लिओ कुलमान यांना साक्षीदार केले नाही. त्यांना दोनदा खुर्ची देऊ केली. सही पूर्ण होईपर्यंत ते उभेच राहिले.

साक्षीदार : अर्ल विटमन, टपाल कर्मचारी (निवृत्त)
साक्षीदार : रोझेला थीलेन, शेजारीण

स्थळ : कुलमान यांचे स्वयंपाकघर, सेंट अल्ड्रिक
दिनांक : २१ ऑक्टोबर २०२३