फळी क्रमांक सतरावरची विमानांची पुस्तके

प्रति,
मा. ग्रंथालय अधिकारी,
सार्वजनिक ग्रंथालय, पहिला मजला.

विषय : विमान व उड्डाण या विषयांवरील पुस्तके रद्दीत घालण्यासाठी परत मागवल्याबाबत.

संदर्भ : १) सूचनाफलकावरील यादी, दि. २. २) आपले पत्र, दि. ११.

महोदय,

आपले पत्र मिळाले. शुक्रवारपर्यंत पुस्तके परत करावीत, म्हणजे ती रद्दीच्या गाडीत घालता येतील, असे आपण कळवले आहे. अर्ज लिहिण्याची मला सवय नाही. माझे म्हणणे चुकीचेही असेल, बहुधा असतेच. तरी लिहितो.

१. मी निवृत्त आरेखक आहे. छत्तीस वर्षे जमिनीचे नकाशे काढले. म्हणजे जमीन वरून जशी दिसते तशी काढली, वरून पाहिली मात्र कधीच नाही. विमानात मी बसलेलो नाही. स्टुलावर चढलो तरी मला घेरी येते; घरातला दिवा बदलायला सूनबाई चढते. अशा माणसाने उड्डाणाची पुस्तके वाचावीत, याची आपल्या छाननी समितीला गंमत वाटली. "आजोबा, या वयात कुठं उडायचं म्हणताय?" असे एका सदस्यांनी मला विचारले व उरलेले दोघे हसले. मीही हसलो. मला उत्तर वेळेवर सुचत नाही. ते आता सुचले आहे, पण अर्जात लिहिण्यासारखे नाही.

२. सदर समिती फळी क्रमांक सतरापुढे अकरा मिनिटे उभी होती. त्यांतली चार मिनिटे चहाचा कप कुठे ठेवावा यात गेली. उरलेल्या सातांत एकोणीस पुस्तकांचा निकाल लागला. तीन वर्षांत एकही पुस्तक कुणी घरी नेले नाही, हे एक कारण. दुसरे कारण शेऱ्यात आहे : "कालबाह्य. विमाने आता बदलली आहेत." विमाने बदलली, हे मान्य. वारा, धुके आणि गुरुत्वाकर्षण यांत काही बदल झाल्याचे माझ्या वाचनात नाही. समितीच्या वाचनात असल्यास, म्हणजे मुळात समितीला वाचन असल्यास, कृपया कळवावे.

३. पुस्तके कुणी नेली नाहीत, हे खरे आहे, कारण मी ती तिथेच बसून वाचत होतो. बावीस वर्षे. काउंटरवरचे लिपिक पुस्तकाचे नाव सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचतात, ते मला सोसत नाही. जागेवर वाचणाऱ्यांसाठी दाराशी एक नोंदवही दोरीने बांधलेली आहे. तिच्यात शेवटचा रकाना आहे, 'वाचनाचे प्रयोजन'. त्या रकान्यापाशी मी दर वेळी अडलो. खरे प्रयोजन मला ठाऊक नव्हते आणि खोटे लिहवेना. म्हणून काहीच न लिहिता आत जाऊन बसत असे. जे गृहस्थ त्या रकान्यात 'ज्ञानवृद्धी' लिहून पंख्याखाली घोरतात, त्यांची मासिके सुरक्षित आहेत. चूक माझी आहे. पण गुन्हा माझा आणि फाशी पुस्तकांना, हा न्याय मला समजला नाही.

४. समितीने काय फेकले, ते समितीला माहीत नसणार, म्हणून सांगतो. टपालाचे विमान चालवणाऱ्या एका माणसाच्या आठवणी आहेत. त्यात चाळीस पाने केवळ टाकीत तेल किती उरले याची आहेत, आणि ती वाचताना अजूनही माझी बोटे गार पडतात. एका बाईंनी एकटीने समुद्र ओलांडला. त्यांच्या पुस्तकात समुद्राला दोन ओळी आणि डोळा लागू नये म्हणून केलेल्या खटपटींना बारा पाने. एक पुस्तक अपघातांच्या चौकशीचे आहे. एक बोल्ट कुणी नीट आवळला नव्हता, एवढे शोधायला तीनशे पाने, आणि लिहिणाऱ्याचा आवाज एकदाही चढत नाही. या मंडळींना आकाशावर कविता करायला सवड नाही, कारण ती आकाशात आहेत.

याउलट समितीने राखलेले प्रवासवर्णन मी मुद्दाम वाचून काढले. लेखक विमानात खिडकीशी बसून ढगांना कापूस म्हणतात. पान सहावर कापूस, एकविसावर कापूस, अठ्ठावन्नावर पिंजलेला कापूस. ते तीन वर्षांत चौदा वेळा घरी गेले आहे. इतक्या कापसात एक गादी झाली असती.

फळी सतरावर आता 'यशस्वी व्हा' असा विभाग होणार असल्याचे कळते. त्यातल्या पाच पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आकाशाला गवसणी घालायला सांगितले आहे. गवसणी घालून झाल्यावर खाली कसे उतरायचे, ते एकातही नाही. माझ्या पुस्तकांत निम्मी पाने उतरण्याचीच आहेत.

५. यादी लागल्यावर मी एक उपाय केला. पुस्तके कार्डावर घरी नेली तर ती वाचली जातात असे ठरेल, अशी माझी समजूत झाली. एका कार्डावर दोन पुस्तके मिळतात. आमच्या घरात चार कार्डे. बाकी पाच मी जिन्यातल्या शेजाऱ्यांकडे मागून आणली. आमची मंडळी म्हणाली, "बावीस वर्षं शेजारी कोण राहतं ते ठाऊक नव्हतं, आणि आता दारोदार फिरताय!" तळमजल्यावरचे शिंपी, वरच्या निवृत्त परिचारिकाबाई, सगळ्यांनी कार्डे दिली. अठरा पुस्तकांवर शिक्के बसले. ज्याच्या कार्डावर जे पुस्तक, ते त्याच्या घरी ठेवले. त्यानंतर आपले पत्र आले. लिपिकांना विचारले, तर म्हणाले, "यादीत नाव गेलं की गेलं, आजोबा. शिक्का आता कितीही मारा."

६. पत्र वाचून मी पुस्तके गोळा करायला निघालो. खरोखर परत करण्यासाठीच निघालो होतो. वरिष्ठांचा कागद मी आयुष्यात कधी मोडलेला नाही. शिंप्यांनी मशीन थांबवले नाही. "काका, निम्म्यावर आलोय. तेल संपत आलंय आणि खाली सगळं धुकं. आत्ता नेलंत तर माझ्यानं सुईत दोरा ओवला जायचा नाही. आणि उतरला का नाही, ते सांगू नका!" परिचारिकाबाई अपघातांच्या चौकशीत बोट घालून दाराशी आल्या. "आमच्या वॉर्डात कुणी असं धडधडीत खरं लिहिलं असतं ना भाऊ, तर चार माणसं वाचली असती. पुस्तक मिळायचं नाही," असे म्हणून त्यांनी दार लावून घेतले. समुद्र ओलांडणाऱ्या बाईंचे पुस्तक सूनबाईने कुठे ठेवले आहे ते ती सांगत नाही. मुलाने मात्र आपले पुस्तक लगेच काढून दिले. तो 'यशस्वी व्हा' गटातला आहे.

ही पुस्तके वाचू शकणारा मी एकटाच, अशी माझी घमेंड होती. तिच्या जोरावर मी बावीस वर्षे त्या वाचनकक्षातल्या सर्वांना मनातल्या मनात तुच्छ लेखले. जिन्यातल्या लोकांच्या बाबतीत मी चुकलो. समितीच्या बाबतीत चुकलो असे वाटत नाही.

७. अठरांचा हिशोब असा आहे. एकोणिसाव्याला कार्ड उरले नाही. ती ढगांची पुस्तिका आहे, इंजिनावाचून ग्लायडर उडवणाऱ्यांसाठी लिहिलेली. कव्हर गेलेले, टाके सुटलेले. बुधवारी दुपारी ती मी स्वेटरखाली घालून बाहेर आणली. ही चोरी आहे, हे मला समजते. त्या वेळी दारावर कोण होते, ते मला आठवत नाही आणि चौकशीतही आठवणार नाही.

सबब, जी कारवाई करायची ती माझ्या एकट्यावर करावी. शेजाऱ्यांची कार्डे मी मागितली, त्यांनी भिडेखातर दिली. त्यांच्याकडे कुणालाही पाठवू नये. पाठवल्यास परिचारिकाबाई दार उघडणार नाहीत, हे आधीच नम्रपणे नमूद करतो. गाडीने शुक्रवारी आमच्या गल्लीत येण्याची तसदी घेऊ नये.

कळावे.

आपला, आजवर नम्र असलेला,
(सही)
सभासद क्रमांक ६११
दि. १४

सोबत :
१) सभासद कार्ड क्र. ६११, मूळ प्रत, रद्द करण्यासाठी.
२) आपले दि. ११ चे पत्र, परत.
३) पुस्तके, नग एकोणीस : जोडलेली नाहीत.