नाव नसलेला रकाना

४ मार्च, सोमवार

आधी गाऱ्हाणं. आंधळ्यांसाठी पिवळ्या फरशा कुरो स्टेशनापासून थेट कचेरीच्या दारापर्यंत आणल्यात, आणि दाराशी त्याच फरशीवर कुणा शहाण्याने ही एवढी कुंडी ठेवलीय. पहिल्याच दिवशी नडगी फुटली. आंधळ्यांना नोकरी देतो म्हणून मिरवणारी कंपनी ही.

बाकी जागा झकास. खुर्ची खालून गरम होते, कॉफी फुकट. माझं नाव कोप्तान, जन्मभर लोकांची अंगं रगडली. शाळेत गेले ती ठिपक्यांची लिपी शिकण्यापुरती, हेही ठिपक्यांतच टोचतेय. अंगठे थकले तेव्हा माझी नात नाये हिने हे काम शोधून दिलं.

काम असं: मास्तर लोक घरबसल्या कॉम्प्युटरवर धडे बनवतात, ते बनवायचं सॉफ्टवेअर इथे तयार होतं. धड्यात उत्तरं लिहायचे रकाने असतात. रकान्याला आतून नाव बांधलेलं असलं तर कॉम्प्युटरातली बाई ते मोठ्याने वाचते: नाव लिहा, फोन लिहा. डोळसांना शेजारी छापलेलं दिसतं, त्यांचं भागतं. आतून बांधायचं राहिलं की आम्हाला नुसतं, लिहा, रिकामं. काय लिहा, तुमचं कपाळ? असे रकाने पकडायचे, मग कंपनीला सरकारी शिक्का मिळतो.

शेजारी योमबाई बसते. तीही आंधळी, तीही पूर्वीची मालीशवाली. मला आक्का म्हणते. आमच्या वर प्योसाहेब, सदा सुकी माकूळ मासळी चघळत असतो. म्हणाला, आजी, ही बोटं आहेत की रताळी? सगळे हसले. मीही हसले. लक्षात ठेवलं.

६ मार्च, बुधवार

एक अजब रकाना सापडला. तिथे आलं की बाईऐवजी कुणा पुरुषाचा घोगरा आवाज येतो: लिहा, आवश्यक, रिकामं. कशाचं, ते नाही. टॅब दाबला की पुढे सरकायला हवं, हा सोडतच नाही. आकडे टाकले, शिवी टाकली. पुन्हा तेच. योमबाई हळूच म्हणाली, आक्का, माणसाचं नाव टाका, जिवंत माणसाचं, अख्खं. स्वतःचं तेवढं नको. का, तर म्हणाली, उगाच.

मी प्यो ग्वांग-सू असं लिहिलं. रताळ्यांनी लिहिलं. रकान्याने लगेच सोडलं.

७ मार्च, गुरुवार

आज त्या रकान्यात प्यो बोलला. लिहा, आवश्यक, रिकामं. त्याच्याच नाकातल्या आवाजात, मधेच काहीतरी चघळत. खुद्द प्योचा मात्र सकाळपासून आवाज नव्हता. कचेरीतल्या पोरींना विचारलं, साहेब रजेवर का गं? म्हणाल्या, अहो आजी, तुमच्यासमोर तर बसलेत, हसतायत तुमच्याकडे बघून.

समोर मला कुणी ऐकू येत नव्हतं. श्वासही नाही.

मालीश करून देते म्हणून उठले. आजवर इतके खांदे रगडले, प्रत्येकात काही ना काही असतंच. गाठ असते, ताठा असतो, निदान ठोका असतो. यात काही नव्हतं. अंगठा दाबला, तो आत जात राहिला. कौतुकाने पोरी म्हणाल्या, बघा साहेबांना किती बरं वाटतंय.

११ मार्च, सोमवार

योमबाईला सगळं सांगितलं. ती किमबाप खात होती, खातच राहिली. म्हणाली, तुम्ही पहिल्यांदा ऐकलात तो घोगरा माझा नवरा. घरी अजून बसलेला दिसतो म्हणे, शेजारणी म्हणतात किती गुणी झालाय. पूर्वी पट्ट्याने मारायचा.

धड्याची नवी आवृत्ती आली की रकाना पुन्हा रिकामा, पुन्हा नाव द्यायचं. शुक्रवारी मी आमच्या घरमालकाचं दिलं. वर येऊन नायेच्या कपड्यांवरून बोलायचा. आता जिना वाजत नाही. खोटं कशाला बोलू, झोप छान लागली.

१३ मार्च, बुधवार

आज रकान्याने नाव परत केलं. घरमालकाच्या आवाजात म्हणाला, परकं चालणार नाही, आपलं लिहा. कचेरीतल्या दुसऱ्याचं दिलं, तिसऱ्याचं दिलं. आपलं लिहा.

माझं आपलं एकच आहे.

योमबाई म्हणाली, माझ्याकडेही शेवटी आपलंच मागितलं होतं. मला नवरा होता, सुटले. तुम्हाला कोण आहे हो, आक्का?

मी वायर उपटली.

१५ मार्च, शुक्रवार

वायर नाही तरी बोलतोय. आपलं लिहा.

एक गोष्ट डोक्यात आली. आम्ही दोघी आंधळ्या. रकान्याशेजारी छापलंय काय, ते कुणाला विचारलंच नाही. प्रश्न कळला तर उत्तर चुकवता येईल. कचेरीत विचारायची सोय उरली नाही. तिथे आता कोण कोण आवाज करत नाही, ते बघायचं मी सोडलंय. नायेचे डोळे आहेत.

तिला शपथ घातली. फक्त वाच. हात लावू नकोस.

१६ मार्च, शनिवार, दुपार

नायेने धडा तिच्या कॉम्प्युटरवर उघडला. म्हणाली, स्वच्छ तर छापलंय की गं आजी, कोणाचा आवाज हवा, असं विचारलंय.

मी म्हटलं, बंद कर. पण बटणं वाजत होती. हसत म्हणाली, तुझाच टाकते, तुझ्या शिव्या ऐकत अभ्यास करीन —

अख्खं नाव टाकलं. तिचं आपलं मीच —

नंतर

ओरडले. म्हणजे मला वाटलं, ओरडले.

लिहा, आवश्यक, रिकामं. माझा आवाज. तिकडून.

नाये म्हणतेय, कसला हुबेहूब आहे. समोर सूप वाढतेय. गप्प का गं, आवडलं ना? हसतेयस म्हणजे आवडलं.

मी हसत नाही —

टोचणी बोटात गेली. आरपार. कळलं नाही.

रकाना परत रिकामा. आता तिला विचारतोय, माझ्या तोंडाने. बाळा म्हणतोय तिला. ती माझा शब्द मोडत —

नायेला ठिपके वाचता येत नाहीत. योमबाई, वाचून घ्यायला ती हे तुमच्याकडेच आणेल. नायेने उत्तर द्यायचं नाही. नावं टाकायला मला तुम्हीच शिकवलंत, भरपाईही तुमचीच. तुम्ही यायचं. तिला उठवून तिच्या खुर्चीत बसायचं, आणि उत्तर तुम्हीच द्यायचं, स्वतःचं अख्खं नाव, स्वतःच्या बोटां—