उजव्या गालाची नस्ती

६ नोव्हेंबर २००५, रविवार, सकाळी ८
उजवीकडची वरची दाढ दुखून राह्यली. ब्रश तोंडात घातला आणि गालातून कानापर्यंत करंट गेला. चार सेकंद. मग काहीच नाही. नेरच्या तहसीलमध्ये एकतीस वर्षं होतो, अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो. कोणतं प्रकरण कोणत्या टेबलाचं, हे नस्ती न उघडता सांगत असे. हे दाढेचं प्रकरण आहे. आठवडाभरात निकाली काढू. बारा फेब्रुवारीला भैरवीचं लग्न आहे आणि तिथे मला भाषण करायचं आहे. मुलीचा बाप लग्नात भाषण करत नसतो, असं बायकोचं, रत्नप्रभाचं मत. तसा काही जी.आर. नाही.

९ नोव्हेंबर
दाढ काढली. दातांचा डॉक्टर पोरसवदा आहे. दाढ चांगली दिसते म्हणाला. मी म्हटलं, दिसण्यावर जाऊ नका.

१० नोव्हेंबर
गाल तसाच. म्हणजे शेजारची असावी. निर्दोष निलंबित झाला. होतं असं.

१४ नोव्हेंबर
शेजारचीही काढली. डॉक्टर ऐकत नव्हता, लेखी दिलं तेव्हा ऐकलं.

१५ नोव्हेंबर
चहाचा पहिला घोट. करंट. दुपारपर्यंत अकरा वेळा. तिसरी दाढ काढायला डॉक्टर साफ नाही म्हणाला. हे दाताचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं दिसतं, नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, म्हणून चिठ्ठी दिली. मेंदूच्या! याला दाढ ओळखता येत नाही आणि शेरा माझ्या डोक्यावर. चिठ्ठी या वहीत खूण म्हणून ठेवली आहे. कागद जाड आहे, बरा पडतो.

२१ नोव्हेंबर
निश्चय. एक, ब्रश बंद, मिठाच्या पाण्याची चूळ. दोन, डावीकडून चावणे. तीन, चावणेच बंद, पातळ वरण. चौथा लिहायला घेतला आणि गार वारा आला. पेन उडालं, ते नंतर रत्नप्रभाला सापडलं.

२७ नोव्हेंबर, रविवार
दाढी करायला युनूसभाईच्या दुकानात गेलो. वीस वर्षं तोच करतो. भर दुपार, पत्र्याचं दुकान, पंखा फुल. वारा थेट उजव्या गालावर. बोललं तरी करंट येतो हे आता कळलं आहे, म्हणून न बोलता बोट वर करून पंखा दाखवला. युनूसभाई बाकावरच्या गिऱ्हाइकांशी कापसाच्या भावाबद्दल बोलत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं. थोड्या वेळाने पंखा थांबला. लोडशेडिंग. रेडिओ चालूच होता, सेलवरचा असेल. मग साबणाचा ब्रश गालाजवळ आला आणि मी तसाच उठून घरी आलो.

२९ नोव्हेंबर
आज बाजारात तिघांनी नमस्कार केला, एकाने पायाला हात लावला. चौकशी केली (लिहून). गावात असं आहे की दीनानाथभाऊंनी युनूसच्या दुकानात बोट वर करून पण केला: कापसाचा भाव वर जाऊन तीन हजार होत नाही तोवर दाढी नाही, बोलणं नाही, चावून खाणं नाही.
हे मी कधी म्हटलं?

३० नोव्हेंबर
रात्रभर विचार केला. बोट वरच होतं. नुसत्या पंख्यासाठी माणूस इतकं ताठ बोट करत नाही. मनात हेच असलं पाहिजे, फक्त उशिरा कळलं.

४ डिसेंबर, रविवार
भैरवी अमरावतीहून आली. किती वाळलात बाबा, म्हणून तिने गालावर हात ठेवला. उजव्या. मी ओरडलो आणि तिचा हात झटकला. जोरात लागला असावा. तिला व्रतात स्पर्श वर्ज्य असतो असं पाटीवर लिहून दाखवलं. रत्नप्रभाने पाटी वाचली आणि पुसली. संध्याकाळपासून पोरगी माझ्याशी दारातूनच बोलते. व्रताची अदब म्हणून ठीकच आहे.

१८ डिसेंबर
भाव आणखी शंभराने उतरला. वाईट वाटलं. मग जरा बरं वाटलं, कारण व्रत लांबेल. (हे वाक्य खोडायचं आहे.)

२५ डिसेंबर
रत्नप्रभा रोज म्हणते, नागपूरला चला. तिला हे कळत नाही की उद्या गोळीने गाल बरा झाला तर गाव म्हणेल, हे व्रत होतं की दुखणं? आता माणूस फक्त स्वतःचा राहत नाही. आज ताक स्ट्रॉने प्यायलो. एकवीस करंट. आर्णीहून व्याह्यांचा निरोप आला, तुमच्यासारखा कमी बोलणारा सोयरा मिळाला हे आमचं भाग्य.

८ जानेवारी २००६, रविवार
मार्केट यार्डात माझा सत्कार. आठशे माणूस. झेंडूचा हार घालताना तो गालाला घासला. त्यानंतरचं नीट आठवत नाही. गुडघ्यावर आलो होतो आणि ढसाढसा रडत होतो. यार्डात घोषणा सुरू झाल्या. बायाही रडू लागल्या.
आमच्याकडे भांडी घासायला येणारी हंसाबाई पुढे आली. तिने मला नमस्कार केला नाही. रत्नप्रभाकडे गेली आणि म्हणाली, "वैनी, भाऊचं हे व्रत नाही, दुखणं हाय. माह्या सासूले होतं. दाढ दुखणारा माणूस गाल धरून बसते. भाऊ हात गालाजवळ नेते, पण लावत नाही."
मी रडलो ते दुखलं म्हणून. कापसासाठी नाही. फार दुखलं. या वहीत लिहायला हरकत नाही, ही कोणी वाचत नाही.

११ जानेवारी
सकाळी रत्नप्रभाने ही वही उघडली, बरोबर त्या पानातून चिठ्ठी काढली आणि बसमध्ये बसवलं. पान तिला कसं माहीत, हा प्रश्न नंतर घेऊ.
नागपूरच्या डॉक्टरांनी फक्त विचारलं. कुठे, किती वेळ, कशाने. शेवटी म्हणाले, चेहऱ्याची जाणीव नेणारी नस मेंदूजवळ रक्तवाहिनीला घासते. वायरचं वेष्टण झिजावं तसं तिचं झालं असावं, म्हणून वाऱ्यानेही स्पार्क होतो. दाढांचा संबंध नव्हता. त्यांच्याकडे असे बरेच जण दोन-तीन दाढा कमी घेऊनच येतात. डोक्याचा फोटो आणि रक्त तपासायला सांगितलं. गोळी फिटवर देतात तीच. मला फिट येत नाही, मी लिहून दाखवलं. ते म्हणाले, तुमच्या नसेला येते. गोळी हळूहळू वाढवायची, मनाने बंद करायची नाही, नाही भागलं तर ऑपरेशनचं बघू.

१४ जानेवारी
गोळीने गरगरतं. तिळगूळ हातात घेऊन भिंतीला टेकून उभा होतो. करंट नऊ.

१९ जानेवारी
करंट दोन.

२४ जानेवारी
शून्य. ब्रश केला. रडू आलं. आरशात दाढीवाला कोणीतरी ब्रश करत रडत होता.

२९ जानेवारी, रविवार
बोलता येतं. तरी बोलायची पंचाईत. भाव एकोणीसशेच्या पुढे जात नाही. उपाय सापडला: लग्नातल्या भाषणात व्रत सन्मानपूर्वक स्थगित करायचं. मसुदा चाळीस मिनिटांचा. प्रस्तावनेत कापूस, मध्ये त्याग, शेवटी भैरवी. भैरवी घरी आली आहे, पण अजून दारातूनच बोलते. बरा झालो हे तिला आईने सांगितलं. मीही सांगितलं असतं, पण भाषणात आहेच.

१० फेब्रुवारी
लग्नापुरती व्रतातून सूट घेऊन दाढी करायला गेलो. युनूसभाईने खुर्ची पुसली, आधी जाऊन पंखा बंद केला, मग कापड बांधलं. मी विचारलं, पंख्याचं तुला कसं कळलं?
"त्याच दिवशी कळलं होतं, भाऊ. मीच तर बंद केला होता."
मग कापसाच्या भावाचं कायले पसरवलं, मी विचारलं.
"दाढी न करताच भाऊ काहून उठले, सारे इचारत होते. दुखणं सांगतलं असतं तर सारा गाव इचारायले आला असता, अन् तुम्ही एकेकाले सांगत बसले असते. बोललं का दुखत होतं ना तुम्हाले?"
मी गाल पुढे केला. त्याने उजवा गाल डाव्यापेक्षा हळू केला. बाहेर पडलो तर एकानेही दाढीबद्दल विचारलं नाही. अडीच महिन्यांचं व्रत, कोणाला काही पडलेलं नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार, लग्न आटोपल्यावर
मुहूर्त साधला. भाषण झालं नाही. जेवणाच्या पंगती, मग फोटो, मग व्याही म्हणाले बसची वेळ झाली.
निरोपाच्या वेळी मांडवातल्या खुर्चीवर बसलो होतो. शेजारचा उभा पंखा फिरत फिरत थेट उजव्या गालावर यायचा. मला कळलंही नव्हतं. भैरवी शालू सांभाळत सगळ्यांमधून उठली आणि पंख्याचं बटण शोधू लागली. मी म्हटलं, "राहू दे." तिने माझ्याकडे पाहिलं. पंखा चालूच ठेवून आली आणि वाकून स्वतःचा गाल माझ्या उजव्या गालाला लावला. बराच वेळ. मला काही दुखलं नाही. त्या दिवशी तुझा हात झटकला, चुकलो, हे सांगायचं होतं. ते मसुद्यात नव्हतं, म्हणून राहिलं. ती म्हणाली, कळलं बाबा.
व्याही जाताना हात जोडून म्हणाले, असाच संयम ठेवा.
घरी येऊन कोटाचा खिसा पाहिला, मसुदा नाही. रत्नप्रभा म्हणाली, शिदोरीचे लाडू बांधायला कागद कमी पडला. चाळीसच्या चाळीस मिनिटं आर्णीला गेली.
गोळी घेतली.