साच्यातली फट

आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितोय. मी मजेत आहे, पोटभर जेवतो. तुझा गुडघा थांबला का दुखायचा?

सण आले की आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात मान वर करायला फुरसत नसते. लोक गोडधोड हाणतात, कडक काहीबाही दातांनी फोडतात, मग त्यांच्या तोंडाचे प्लास्टरचे साचे आमच्याकडे येतात. तू अक्रोड दाढेखाली घेऊ नकोस, बत्त्याने फोड. गोड खाल्लं की चूळ भर. धाकटी गालात खाऊ ठेवून झोपते, तिलाही उठव.

परवा एका बाईचा साचा आला, मागच्या दाढा बसवायला. पुढच्या दोन दातांत तुझ्यासारखीच फट, शेजारचा दात तुझ्यासारखाच अर्धा तुटका. दुपारी मालक म्हणाले, "ती बाई गेली रे. टाक फोडून." माझा हात काही उठेना. साचा फळीवर ठेवून दिला.

पंखा लावला की त्या फटीतून बारीक शीळ येते. तू "सश्या" म्हणतेस तेव्हा येते ना, तश्शीच. मालक हसले, "गाढवा, वारा आहे तो."

काल पंखा बंद होता, आई. तरी हाक आली.

सणाआधी फट बुजवून घे म्हणून मीच तुझ्या मागे लागलो होतो. आत्ता नको बुजवू. रविवारी फोन कर आणि आधी मला हाक मार, बाकीचं मग बोलू. हाक तुझीच आहे, एवढं मला कळू दे.

तुझाच,
सश्या