काटा शून्यावर

३ मार्च, रविवार. सकाळी ६
निवृत्त होऊन दोन महिने झाले. लोक निवृत्त झाले की खचतात. मी तळ्यावर जाऊन कार्प मासा पकडणार आहे. पाच किलोचा. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात तराजू तपासले, गळाच्या दोरीवरचा फ्लोट म्हणजे शेवटी काय, पाण्यात उभा केलेला काटा. बाकीचे अंदाजपंचे मासे धरतात, आपण मोजून धरू.
आमिषाचं पीठ हिने मळून दिलं. पाव, मैदा, थोडा मध. फार घट्ट वाटलं. बोललो नाही. म्हणजे एकदाच बोललो.

संध्याकाळी
मासा नाही. पहिलाच दिवस. शेजारी एक छत्रीवाल्या मावशी बसतात. बांबूची काठी आणि फ्लोट म्हणून बाटलीचं बूच. त्यांनी तीन धरले. नशीब एकेकाचं.

५ मार्च, मंगळवार
बाथरूममध्ये बादलीत फ्लोट सेट केला. नियम साधा आहे: पारडं रिकामं असताना काटा शून्यावर हवा. म्हणून गळ रिकामा ठेवला आणि दोरीला शिशाचे मणी एकेक करून चिमटत गेलो. शेवटी फ्लोटचं लाल टोक तेवढं पाण्यावर राहिलं. दोन तास लागले. हिला अंघोळ करायची होती. दारातून म्हणाली, पिठाचा गोळा लावून बघा ना एकदा, त्यालाही वजन असेलच की. शिकवा, वजन मला शिकवा.
जेवताना जे झालं ते लिहून ठेवतो, नाहीतर नंतर "सांगितलं होतं" म्हणेल. हिच्या बहिणीचं परगावी शिवणाचं दुकान आहे. बहीण एकटी पडली, हिला बोलावतेय, कायमची, एक एप्रिलपासून. ही म्हणाली, "तुम्ही 'नको जाऊस' म्हणालात तर नाही जाणार. पण म्हणायला हवं."
मी म्हटलं बघू, आधी फ्लोटचं मार्गी लागू दे.

१० मार्च, रविवार
गोळा लावला की फ्लोट बुडतो. बुडाला म्हणजे मासा, म्हणून सतरा वेळा झटका मारला. सतराही वेळा गळ मोकळा, गोळा पाण्यात. मावशी हसल्या नाहीत, पण छत्री तोंडापुढे धरली. निष्कर्ष: फ्लोट बरोबर, गोळा जड. म्हणजे चूक हिची. घरी येऊन हिला शांतपणे समजावलं. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली, त्यांना सवयच आहे तशी.
यापुढे पीठ मीच मळणार. हिने पुन्हा विचारलं, बहिणीला काय कळवू? म्हटलं, एका वेळी एक प्रॉब्लेम.

१४ मार्च, गुरुवार
सैल पीठ. पाणी मोजून घातलं, तीन वेळा वाढवलं. ओट्यावर, भिंतीवर, चष्म्यावर पीठ. हिने काही न बोलता सगळं पुसलं. सुधारणा आहे.

१७ मार्च, रविवार
जमलं! सैल गोळा लावून गळ टाकला. फ्लोट क्षणभर बुडाला आणि आपसूक वर येऊन शून्यावर थांबला. लाल टोक तेवढं वर. चार तास तसूभर हलला नाही. खात्यातल्या साहेबांनी पाहायला हवं होतं, ज्यांनी निरोपाच्या भाषणात माझं नावसुद्धा चुकीचं घेतलं. मासा लागला नाही, पण ते माशाचं काम. माझी बाजू चोख.
घरीही तेच. कटकट बंद. बहिणीचा विषय बंद. जेवण झाकून ठेवलेलं. माणूस ठाम राहिला की घर आपोआप सेट होतं.

२२ मार्च, शुक्रवार
टेम्पोवाला हिचं शिलाई मशीन घेऊन गेला. मी दार धरलं. सर्व्हिसिंगला नेत असणार. विचारलं नाही, विचारलं की विषय वाढतो. खिडकीजवळचा कोपरा मोकळा झाला, तेवीस वर्षांनी. रॉड तिथे अगदी फिट बसतो.

२४ मार्च, रविवार
साडेचार तास शून्यावर. मावशी चार मासे.

२९ मार्च, शुक्रवार
ही म्हणाली, रविवारी अकराची गाडी आहे. मी म्हटलं, रविवार माझा तळ्याचा. तिने मान डोलावली आणि कपड्यांच्या घड्या करत बसली.
खरं सांगायचं तर मला म्हणायचंय. नको जाऊस. दोनच शब्द आहेत. पण रिकाम्या हाताने कसं म्हणणार? तीन महिने घरात बसलेल्या माणसाच्या शब्दाला काय किंमत? पाच किलोचा कार्प ओट्यावर ठेवायचा आणि मग म्हणायचं. साडेदहापर्यंत परत. प्लॅन पक्का.

३१ मार्च, रविवार. दुपारी
क्रमाने लिहितो. सहाला तळ्यावर. फ्लोट शून्यावर. सव्वादहाला मावशी उठून आल्या.
"साहेब, रागावू नका, पण तुमच्या गळाला काहीच नाहीये."
पाण्याखालचं तुम्हाला कसं दिसतं, असं मी विचारलं.
"दिसायला कशाला हवं? एवढं शिसं लावलंय, त्यात आमिषाचं वजन असतं तर फ्लोट बुडालाच असता. उभा आहे म्हणजे खाली रिकामं. तीन रविवार बघतेय मी."
ओढून पाहिलं. गळ स्वच्छ, नव्यासारखा. पीठ पाण्यात पडताच विरघळत होतं. तीन रविवार मी रिकाम्या गळाकडे बघत होतो आणि खूश होतो.
मावशींनी दोरीचे दोन मणी काढले, त्यांचा घट्ट गोळा लावून दिला. दहा पंचवीस झाले होते. घर पंधरा मिनिटांवर. निघायला हवं होतं. पण गळ-फ्लोटची जुळणी आज पहिल्यांदाच बरोबर होती. दहा चाळीसला फ्लोट गेला. मोठा होता, रॉड वाकला. मग दोरी एकदम सैल. गळाची गाठ सुटली. गाठ माझीच.
घरी पोचलो सव्वाबाराला. मधला वेळ दुसरा गळ बांधत होतो, हेही लिहायला हवं.
कुलूप होतं. फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात पिठाचा गोळा. घट्ट मळलेला. चिठ्ठी शोधली, नाही.

२ एप्रिल, मंगळवार
फोन केला. दोन शब्द कागदावर लिहून समोर ठेवले होते. तिनेच उचलला. मागे मशीन चालू होतं.
म्हणाली, "बोला."
मी म्हटलं, "पिठात पाणी किती घालतेस?"
मग म्हणाली, "अंदाजाने." गिऱ्हाईक आलंय म्हणाली आणि ठेवला.
रॉड गॅलरीत नेऊन ठेवला. तो कोपरा मशीनचा आहे.